एकशे सतरा नंबरची नळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे संचालक आणि मेंदूचे सर्जन, ज्यांच्या हाती भल्याभल्यांनी आपलं डोकं बिनधास्त सोपवलं आहे. व्यासपीठावरच्या आदरणीय मेट्रनबाई. ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे त्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या धाकट्या सिस्टर. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, चिरंजीव आणि सूनबाई. माझे सहकारी डॉक्टर, सर्व सिस्टर्स, टेक्निशियन मंडळी, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आणि ड्युटी संपूनही घर न गाठता इथे थांबलेले तुम्ही सगळे, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकबाईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर ‘पाच मिनिटं’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. माझ्या आधी बोललेल्यांच्या चिठ्ठीवर एकच रेघ होती, मी डोकावून पाहिलं. दुसरी रेघ खास माझ्यासाठी आहे हे मला समजतं. पण बाई, आज एवढं सांभाळून घ्या. पाच मिनिटांत आटपेल असं माझ्याकडे आज काही नाही, आणि हे बोलायला मला ज्यांनी लावलं आहे त्यांचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही.

पाहुण्यांपैकी कुणाला प्रश्न पडला असेल की निवृत्त होणाऱ्या बाईंना धाकट्या काय म्हणून म्हणायचं? तेहतीस वर्षांपूर्वी सिस्टर इथे रुजू झाल्या तेव्हा वॉर्डात त्याच नावाच्या एक सिस्टर आधीपासून होत्या. म्हणून त्या थोरल्या आणि या धाकट्या. थोरल्या केव्हाच निवृत्त झाल्या, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण या धाकट्या त्या धाकट्याच राहिल्या. मागे एकदा सूनबाई डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनीही चौकशीच्या खिडकीवर विचारलं, “धाकट्या सिस्टर कुठे भेटतील?” सख्खी सासू, पण नावाने विचारलं असतं तर खिडकीवरच्या माणसाला कळलंही नसतं.

माझं म्हणाल तर मला वॉर्डात ‘चरबीवाले सर’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, मी वळलो की म्हणतात. माझी तक्रार नाही, कारण नाव कामावरूनच पडलेलं आहे. ते काम काय, हे दोन मिनिटांत सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मेंदूचं ऑपरेशन झाल्यावर आत जंतुसंसर्ग झालाय की नाही, हे ओळखणं फार कठीण. ताप आला म्हणावं, तर ताप ऑपरेशनमुळेही येतो. मान आखडली म्हणावं, तर तीही आखडते. मेंदूभोवतीचं पाणी काढून तपासावं, तर त्यात पेशी वाढलेल्या असतातच. कवटी उघडल्यावर, रक्त सांडल्यावर दुसरं काय होणार? मग राहतं कल्चर. म्हणजे ते पाणी उबेत ठेवायचं आणि त्यात जंतू वाढतात का हे बघत बसायचं. दोन दिवस जातात, तीन जातात. आपण वाट बघतो, पण पेशंटच्या डोक्यातले जंतू वाट बघत नाहीत. आमचं म्हणणं असं होतं की शरीर जंतूंशी झुंजायला लागलं की त्या पाण्यात काही ठरावीक स्निग्ध पदार्थ वाढतात. चरबीचे अगदी बारीक तुकडे म्हणा. ते कल्चरच्या कितीतरी आधी वाढतात. मशीनवर तेवढे मोजता आले, तर सकाळी नमुना घेतल्यावर दुपारी औषध सुरू करता येईल.

त्याला अट एकच होती. नमुना काचेच्या नळीत यायला हवा. प्लास्टिकच्या नळीतून काहीबाही पाण्यात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो. आणि आमचं दुर्दैव असं की वॉर्डात तेव्हा दोन्ही नळ्या असायच्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बुचाच्या. पहिल्याच महिन्यात चार नमुने प्लास्टिकमधून आले. मी खालच्या लॅबमधून वर वॉर्डात जाऊन एवढा आरडाओरडा केला की दोन पेशंट घाबरून उठून बसले.

आता धाकट्या सिस्टरांची नळी वाजवायची पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नमुना घेण्याआधी नळी उजेडाकडे धरायची आणि नखाने दोनदा वाजवायची. काचेचा आवाज टणक येतो, प्लास्टिकचा बद्द येतो. नव्या सिस्टर त्यांच्याकडे बघून तेच करायला लागल्या. एका मुलीने तर परीक्षेच्या पेपरात लिहिलं, ‘नमुना घेण्यापूर्वी नळी नखाने दोनदा वाजवावी,’ आणि तपासणाऱ्यांनी तिला पूर्ण मार्क दिले. या सभागृहात निदान तीसजणी अशा असतील, ज्यांना ती वैद्यकशास्त्रातली पायरी वाटते.

हसा, हसण्यासारखंच आहे. मीही इतकी वर्षं हसत आलो. मला वाटायचं, काय टापटीप बाई आहे. ही टापटीप नव्हती, हे मला गेल्या सोमवारी कळलं.

मघाशी मेट्रनबाई म्हणाल्या की सिस्टरांना दोनदा इन्चार्ज व्हायला सांगितलं आणि दोन्हीदा त्या नको म्हणाल्या, एवढा त्यांचा साधेपणा. टाळ्याही पडल्या. बाई, तुमचा मान राखून सांगतो, तो साधेपणाही नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे एक पेशंट होत्या. शिवणकामाचे वर्ग घ्यायच्या. वय चौतीस, घरी नऊ वर्षांची मुलगी, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. डोक्यात गाठ निघाली, पण साधी गाठ. अध्यक्षसाहेबांनी ती इतकी सफाईने काढली की दुसऱ्या दिवशी बाई उशीला टेकून बसल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी धाकट्या सिस्टरांना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “तुमच्या खिशाची शिवण उसवलीय. सुई-दोरा आणा, मला बघवत नाही.” डोक्याला पट्ट्या, हाताला सलाईन, आणि बाई सिस्टरांचा खिसा शिवतायत. तो खिसा शिवून झाल्यावर त्यांनी शेजारच्या पेशंटच्या उशीचा अभ्राही मागितला होता म्हणे. मी हे पाहिलेलं नाही. मी खालच्या मजल्यावर होतो, माझ्याकडे पेशंट येत नाहीत, त्यांचे फक्त नंबर येतात.

चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्यांच्या डोक्यातली निचऱ्याची नळी काढायची होती. ती काढण्याआधी सिस्टरांनी शेवटचं पाणी भरून घेतलं आणि खाली पाठवलं. आमच्या अभ्यासातला तो एकशे सतरावा नमुना. टेक्निशियनने तो नेहमीप्रमाणे दोन छोट्या बाटल्यांत वाटला, अर्धा तपासायला आणि अर्धा फ्रीजरमध्ये ठेवायला, आणि रिकामी नळी टोपलीत टाकली. अकरा वाजता आकडा आला. नेहमीच्या साडेचारपट.

आता मी तुम्हाला विचारतो, आणि लॅबच्या मंडळींनी याचं उत्तर मनातल्या मनात द्यावं. ज्या आकड्यासाठी आपण दोन वर्षं जीव टाकतोय, तो आकडा समोर आल्यावर माणूस काय करेल? आनंदाने उडी मारेल? मी नाही मारली. पेशंट उठून बसलेली, बोलतेय, शिवतेय, तापही बेताचाच. अशा पेशंटचा एवढा आकडा असूच शकत नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं. मग आकडा फुगला कशाने? प्लास्टिकने. नळी कुणी भरली? धाकट्या सिस्टरांनी. पहिल्या महिन्यातल्या त्या चार चुकांमधली एक त्यांची होती, आणि हे मला माहीत होतं, कारण चौघींपैकी त्या एकट्याच खाली येऊन सांगून गेल्या होत्या, सर, घाईत माझ्या हातून झालं. बाकीच्या तिघींची नावं मला आजतागायत माहीत नाहीत. खरं बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पुढची चूक ठेवणं किती सोपं असतं बघा.

मी वॉर्डात फोन लावला. मी काय काय बोललो ते इथे सांगत नाही, मुलाबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “सर, नळी काचेचीच होती. मी स्वतः भरली.”

मी म्हणालो, आकडा बघा मग बोला.

त्या म्हणाल्या, “एकदा टोपलीत बघता का? नळी तिथेच असेल.”

आणि मी म्हणालो, “टोपल्या उपसायला माझ्याकडे वेळ नाही.”

टोपली माझ्या खुर्चीपासून तीन पावलांवर होती. मंडळी, तीन पावलं. मी नंतर मोजली. नंतर मी ती अनेकदा मोजली.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘नमुना क्रमांक ११७, चुकीच्या नळीत, दूषित. वॉर्डची चूक.’ आणि संध्याकाळी रजिस्टर वर पाठवून धाकट्या सिस्टरांची सही मागवली. त्यांनी केली.

दुपारी अध्यक्षसाहेबांचा फोन आला होता. आमची चाचणी तेव्हा अभ्यासापुरतीच होती, तिच्यावरून औषध द्यायचं नाही असा नियम होता. मला लपायचं असेल तर त्या नियमामागे भरपूर जागा आहे. पण साहेबांनी विचारलं होतं, “ताप थोडा वर सरकलाय. काय म्हणतो तुमचा आकडा?” मी म्हणालो, वॉर्डने नमुना खराब केला. त्यांनी विचारलं, पाठीतून पुन्हा पाणी काढून पाठवू का? निचरा तर निघालेला होता, म्हणजे पुन्हा सुई टोचायची. मी म्हणालो, तुमच्यावर आहे, आमच्याकडून घाई नाही.

मंगळवारचं तेच पाणी कल्चरलाही गेलं होतं, त्यात शुक्रवारी जंतू वाढले. त्याच दिवशी सगळी औषधं सुरू झाली. पुढच्या मंगळवारी बाई गेल्या.

मला इथे पाणी मिळेल का? हो, आहे इथेच. धन्यवाद.

आमचा अभ्यास छापून आला, नाव झालं. दोन ठिकाणी माझा सत्कारही झाला, तुमच्यापैकी काहीजण आला होतात. त्या लेखात तळाला बारीक अक्षरात एक ओळ आहे, ‘एक नमुना दूषित असल्याने वगळला.’ सगळा लेख मला आता आठवत नाही. ती ओळ कुठल्या पानावर, कुठल्या बाजूला आहे, हे डोळे मिटून सांगेन.

आणि फ्रीजरमध्ये ती दुसरी बाटली होती. उरलेला अर्धा नमुना. नियमाप्रमाणे पाच वर्षांनी असे नमुने टाकून द्यायचे असतात. बाकीचे सगळे टाकले. एकशे सतरा मी ठेवला. टेक्निशियन विचारायचे, सर, ही एकच बाटली कशाला? मी म्हणायचो, असू दे. फ्रीजर दोनदा बदलले, दोन्हीदा ती बाटली मी स्वतःच्या हाताने एकातून दुसऱ्यात नेली. फ्रीजरची घंटा वाजली, वीज गेली, की लॅबमध्ये सगळ्यांना हजार नमुन्यांची काळजी असायची. मला त्या एकाचीच असायची, आणि खरं सांगू का, मनात असंही यायचं की वितळू दे एकदाची. सहा वर्षांपूर्वी नवं मशीन आलं. हे मशीन प्लास्टिकमधून उतरलेलं द्रव्य वेगळं काढून दाखवतं. म्हणजे बाटली लावायची, अर्धा तास थांबायचं, सिस्टर खरं बोलल्या की नाही ते उघड. सहा वर्षं मी रोज त्या मशीनसमोर बसलो. ती बाटली लावली नाही. का लावली नाही? न लावता मला दोन्ही गोष्टी खऱ्या मानता येत होत्या. लावली असती, तर त्यातली एकच उरली असती.

लोकांना वाटतं, गेलेलं माणूस त्याचा चेहरा घेऊन समोर येत असेल. मी त्या बाईंचा चेहरा पाहिलेलाच नाही. माझ्यासमोर आकडा येतो. कुठे टोकन घेतलं की मी आधी नंबर बघतो. घराचा शोध घेत एखाद्या गल्लीत गेलो आणि एकशे पंधरा, एकशे सोळा लागलं, की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आणि ती टोपली. टोपलीची जागा मी तीनदा बदलली. टेबलामागे ठेवली, दारामागे ठेवली, शेवटी बाहेर ठेवली. ती बाहेर असली तरी मला माझ्या खुर्चीतून दिसते. बायको म्हणते, जेवताना तुम्ही खाली डावीकडे काय बघत असता? तिला काय सांगणार?

दोन महिन्यांपूर्वी, आपली चाचणी आता वॉर्डात रोजच्या वापरात आहे, एका पेशंटचा आकडा आला. ऑपरेशनला चार दिवस झालेले, पेशंट उठून बसलेला, गप्पा मारणारा. आकडा साडेचारपट. टेक्निशियनने वर फोन केला, दुपारी औषध सुरू झालं, दोन दिवसांनी कल्चरमध्ये जंतू सापडले. दहाव्या दिवशी पेशंट स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत चालत गेला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मशीनवरचा आलेख बघत होतो. असा आलेख मी याआधी एकदाच पाहिला होता.

मागच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मी सगळ्या मंडळींना चहाला पाठवलं आणि एकशे सतरा मशीनवर लावला. अर्ध्या तासाने उत्तर आलं. स्निग्ध पदार्थ जवळपास तेवढेच, साडेचारपट. प्लास्टिकचं नावही नाही. एक कणही नाही.

नळी काचेची होती. सिस्टर, या माइकवरून, सगळ्यांसमोर, तुमच्या यजमानांसमोर आणि मुलासमोर सांगतो. नळी काचेची होती. तुमचा हात चुकला नव्हता. त्या पाण्याने जे सांगायचं ते मंगळवारी अकरा वाजता सांगितलं होतं, आणि ते मी पुसून टाकलं.

सोमवारी मी वॉर्डात गेलो. सिस्टर औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या नव्या सिस्टरकडे सोपवत होत्या. मी म्हटलं, जरा बाजूला येता का. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला चार शब्द सुनावतील. मी त्या चार शब्दांची तयारी करून गेलो होतो. त्या स्टुलावर बसल्या आणि उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अकरा वर्षं मी या हातावर विश्वास ठेवला नाही, सर.”

त्यांनी सांगितलं की माझा फोन ठेवला तेव्हा त्यांना पक्की खात्री होती. संध्याकाळी रजिस्टर समोर आलं तेव्हा खात्री थोडी कमी झाली. एवढे शिकलेले सर एवढं ठासून म्हणतायत, तर घाईत आपणच दुसरी नळी उचलली असेल. आणि शुक्रवारी कल्चर आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर बघितलं, अगदी स्पष्ट, की आपण प्लास्टिकची नळी उचलतोय. जे घडलंच नाही ते त्यांना आठवायला लागलं. तेव्हापासून त्या नळी वाजवतात. कपाट बंद केलं की परत जाऊन बघतात. औषधाचं लेबल वाचलं की शेजारच्या सिस्टरला वाचायला लावतात. आणि ज्याचा हात चुकतो त्याने दुसऱ्यांना शिकवू नये, म्हणून त्या दोनदा इन्चार्ज झाल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, “औषध मंगळवारी दिलं असतं तर त्या वाचल्या असत्या?”

मी म्हणालो, सांगता येत नाही. तीन दिवस मिळाले असते.

मी विचारलं, मी काय करू? पत्र लिहू, राजीनामा देऊ, तुम्ही सांगाल ते. तेव्हा त्या म्हणाल्या, “शनिवारी तुमच्या हातात माइक देणार आहेत ना? मग माझं कौतुक नका करू. हे सांगा. आणि त्याआधी त्यांच्या घरी जाऊन सांगा.”

बुधवारी मी अध्यक्षसाहेबांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, की आकडा कळला असता तर त्याच संध्याकाळी औषध सुरू केलं असतं. साहेब, ते वाक्य तुम्ही गिळून टाकू शकला असता. गिळलं नाहीत याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. रजिस्टरमधल्या त्या ओळीखाली मी नवी ओळ लिहिली आहे, माझ्या सहीने. ज्या नियतकालिकात लेख आला होता त्यांना पत्र गेलं आहे. माझं पुढे काय करायचं ते संस्था ठरवेल आणि ते मला मान्य असेल.

परवा, गुरुवारी, मी त्या बाईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. कामावरून नुकतेच आले होते, हाताला ग्रीस होतं. मुलगी कॉलेजात असते, ती घरी नव्हती. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्याच्यावर कापड टाकलेलं. मी खुर्चीवर बसलो आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगत गेलो. आकडा, नळी, टोपली, फोन. हात पुसायला घेतलेलं फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, “त्या सिस्टर इथे आल्या होत्या.”

मला कळेना. ते म्हणाले, ही गेली त्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी. कामाच्या कपड्यांतच आल्या होत्या, आत आल्याच नाहीत, दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या हातून नळी चुकली, म्हणून तुमच्या बायकोचा आजार वेळेवर कळला नाही, मला क्षमा करा. “मुलगी माझ्या मागेच उभी होती,” ते म्हणाले. “मी त्या बाईंना नाही नाही ते बोललो. पुन्हा या दारात दिसू नका म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गेल्या.”

हे सिस्टरांनी मला सोमवारी सांगितलं नव्हतं. सिस्टरांच्या यजमानांनाही माहीत नसावं, त्यांच्या चेहऱ्यावरून आत्ता मला तसं दिसतंय. माझ्या चुकीची माफी माझ्या आधी, माझ्याऐवजी, कुणीतरी त्या दारात उभं राहून मागून आलं होतं, आणि त्या माफीला मिळालेलं उत्तरही त्यांनीच सोसलं होतं. मी त्या वेळी लेखाचा दुसरा खर्डा लिहीत होतो.

मग त्या गृहस्थांनी मला विचारलं, “त्यांना आता कळलंय ना, की त्यांची चूक नव्हती?” मी हो म्हणालो. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी दाराबाहेर पडल्यावर त्यांनी मागून एवढंच विचारलं, की शनिवारचा कार्यक्रम किती वाजता आहे.

मंडळी, माझं बोलणं संपत आलं. मला इथे उभं राहू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, मेट्रनबाईंचे आणि आयोजकांचे आभार. चिठ्ठीवरच्या दोन्ही रेघा ओलांडल्याबद्दल सूत्रसंचालकबाईंनी मोठ्या मनाने पोटात घालावं. निरोपाच्या आनंदात मी हे आणलं, सिस्टरांच्या घरच्यांचा आजचा दिवस जड केला, बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, या सगळ्याबद्दल मला क्षमा असावी. एकशे सतरा नंबरबद्दल मात्र मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. ती द्यायचा अधिकार या सभागृहात फक्त तिघांना आहे. एक सिस्टर. दुसरे दोघे मी बोलत असताना आत आले आहेत आणि मागच्या भिंतीला लागून उभे आहेत, एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. ते माझ्यासाठी आलेले नाहीत. त्यांना सिस्टरांना भेटायचं आहे, आणि मधे सगळ्या खुर्च्या आहेत. कृपा करून आपापल्या खुर्च्या थोड्या सरकवा, त्यांना पुढे येऊ द्या.